काकांची ८०० आणि अंगणातला काळा डाग : ऑइल गळतीच्या नोंदी

गाडी : मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. एमएच-०८ पासिंग. किलोमीटरचा काटा कधीचाच थांबलाय, त्यामुळे किती धावली ते सांगता येणार नाही. काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि गाडी रत्नागिरीत माझ्या दारात आली. पत्रा ठीक, इंजिनाचा आवाज चांगला. ऑइल मात्र गळतं.

४ ऑक्टोबर

एका गॅरेजवाल्याने गाडीखाली बॅटरी मारली, गिअरबॉक्सच्या तोंडाशी लोंबणारा थेंब पाहिला आणि निकाल दिला : "मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवायला लागणार. उतरवलाच आहे तर क्लच प्लेट पण टाकून घ्या." खर्चाचा आकडा ऐकून घरी आलो.

मागचं, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकाचं, क्रँक सील गेलेलं असू शकतं, नाही असं नाही. पण थेंब तिथे पडतो म्हणजे गळती तिथे आहे, हे मला पटत नाही. ऑइल वरून खाली येतं, आणि गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो. इंजिनच्या माथ्यावरून निघालेला ओघळ बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लच झाकणारं कवच) खालच्या कडेला येऊन टपकू शकतो. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी वरून खालपर्यंत एकेक जागा तपासायची असं ठरवलं.

पहिलं काम मोजमापाचं. अंगणात जांभ्याच्या लाद्या आहेत. जांभा तेल पितो, त्यामुळे डागावरून किती गळलं याचा अंदाज येत नाही. आईकडून जुनी ॲल्युमिनियमची परात मागून घेतली आणि रात्री गाडीखाली सरकवली.

५ ऑक्टोबर

सकाळी परातीतलं ऑइल इंजेक्शनच्या सिरिंजने ओढून मोजलं. १२ मिली. साधारण २० थेंबांचा एक मिली धरतात, म्हणजे रात्रभरात अडीचशेच्या आसपास थेंब. गाडी नुसती उभी असताना एवढं, चालू असताना याहून जास्त. महिन्यात गेज (ऑइलची पातळी दाखवणारी काडी) वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर का येतं, ते कळलं. निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाहीये, गळतंय.

हे इंजिन ऑइलच आहे ना, तेही पाहून घेतलं. बेल हाउसिंगवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर घेतला : काळपट तपकिरी, जळका वास. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, एकदा हुंगलं की विसरत नाही. तो नाही. कूलंट हिरवं असतं आणि बोटांना बुळबुळीत लागलं तरी पाण्यात विरघळतं. तेही नाही. गेजची काडीही हुंगली. या गाडीला मेकॅनिकल पेट्रोल पंप आहे. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि एरवी न गळणाऱ्या जागाही गळायला लागतात. पेट्रोलचा वास नाही.

११ ऑक्टोबर

धुलाई. सगळ्यात कंटाळवाणं काम, पण हे टाळलं की पुढचं सगळं अंदाजपंचे.

डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), कार्बोरेटर आणि अल्टरनेटरला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. वॉशिंग सेंटरला नेली नाही. तिथला प्रेशरचा फवारा डेल्कोत पाणी घालतो, मग गाडी सुरू होत नाही. घासलेट मिळणं आता मुश्कील, म्हणून डिझेल, रंगाचा जुना ब्रश आणि पट्टी. खाली पत्र्याचा ट्रे. विहीर अंगणापासून पाच पावलांवर आहे आणि मध्ये सगळा जांभा, खाली सांडेल ते झिरपत कुठे जाईल हे वेगळं सांगायला नको.

बेल हाउसिंगवर आणि चेंबरवर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं पत्र्याचं भांडं) लाल मातीचा आणि ऑइलचा मिळून बोटभर थर. वर तो पुठ्ठ्यासारखा सुकलेला, आत अजून ओला. पट्टीने खरवडला की ढपल्या निघत होत्या.

टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेला वेगळीच गंमत. कुणीतरी पूर्वी पॅकिंग न बदलता बाहेरून राखाडी सिलिकॉन फासलंय. एकदा नव्हे, थरावर थर. बाहेर एवढं ओघळलंय तर आतल्या बाजूलाही तेवढंच दाबलं गेलं असणार. हे लक्षात ठेवायला हवं.

१२ ऑक्टोबर

धुतलेलं इंजिन रात्रभर सुकलं. जिथे जिथे सांधा आहे तिथे टाल्कम पावडर मारली : टॅपेट कव्हरची कड, डेल्कोची केस, पेट्रोल पंपाची बैठक, ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच, बेल्टच्या बाजूची दोन्ही सीलं, चेंबरची कड. कोरड्या पावडरीवर ऑइल आलं की तिथे करडा डाग उठतो, आणि तो कुठून सुरू झाला तेही दिसतं.

आधी नुसतं उभ्या उभ्या चालू ठेवलं. पंधरा मिनिटांनी टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात पावडर भिजली. बाकी कोरडं.

मग भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. बॉनेट उघडून आरसा आत घातला. डेल्कोची केस हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला असते. तिच्या खालून एक बारीक ओघळ पावडरीतून वाट काढत सरळ बेल हाउसिंगवर उतरला होता आणि खालच्या कडेला, गॅरेजवाल्याने बोट ठेवलं होतं बरोबर त्याच जागी, थेंब लोंबत होता.

बेल हाउसिंगच्या खालच्या फटीतून आत तारेला गुंडाळलेलं पांढरं फडकं फिरवलं. क्लचची कोरडी धूळ आली, ऑइल नाही. मागचं सील गळत असतं तर इथे ओलं लागलं असतं, आणि एव्हाना क्लचही घसरायला लागला असता. मागचं सील निर्दोष.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी मिरकरवाड्याला मासळीला गेलो होतो. तिथे ट्रॉलरच्या इंजिनांवर हयात घालवलेले एक चाचा आहेत, त्यांना सगळं सांगितलं. डेल्कोची ओ-रिंग आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणायला निघालोय म्हटलं. त्यांनी हातातली विडी विझवली.

"दोन ठिकाणाहून एकदम गळतंय ना? मग आधी नाक बघ. नाक चोंदलं की तोंडातून ओकणारच. नवीन पॅकिंग टाकशील, ते पण ओकेल."

नाक म्हणजे ब्रीदर. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडी हवा आणि वाफ खाली चेंबरकडे उतरतेच, नव्या इंजिनातही. ती बाहेर पडायला वाट ठेवलेली असते : टॅपेट कव्हरवरून एक नळी एअर क्लीनरला, आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून दुसरी इनटेककडे. या वाटा बंद झाल्या की आत दाब वाढतो आणि जो सांधा सगळ्यात कमजोर तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं.

१५ ऑक्टोबर

चाचांचं खरं निघालं.

ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधली आणि इंजिन सुरू केलं. ब्रीदर ठीक असेल तर पिशवी आत ओढली जाते, निदान लुळी पडून राहते. ही हळूहळू फुगत गेली आणि टम्म झाली.

नळी काढली. आतून पिवळट-पांढरी चिकट मलई, करंगळी जाणार नाही इतकी. पीसीव्ही व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला. चांगला असेल तर आतला तुकडा खुळखुळतो, हा मुका.

ही मलई म्हणजे ऑइल आणि पाण्याचं मिश्रण. हेड गॅस्केट गेल्यावरही असंच दिसतं आणि लोक घाबरतात, पण इथे रेडिएटरचं पाणी कमी होत नाही आणि गेजवरचं ऑइल स्वच्छ आहे. पाणी आलं ते पेट्रोलमधून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी रिंगांवरून खाली. इंजिन नीट तापलं तर तीही निघून जाते. पण ही गाडी जून ते सप्टेंबर काय करते? घर ते बाजार, बाजार ते घर. तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत गाडी बंद. बाहेर कोकणातला पाऊस, हवेत ओल इतकी की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. वाफ नळीत थंड होते, ऑइलमध्ये कालवली जाते आणि तिथेच बसते. वापर कमी म्हणून गाडी चांगली राहते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पावसाळ्यात कमी वापरलेल्या इंजिनाची नळी एकदा काढून बघावी.

नळी डिझेलने धुऊन वाऱ्यावर सुकवली. टॅपेट कव्हरवरचं तोंड तारेने साफ केलं. पीसीव्ही व्हॉल्व्ह कार्ब क्लीनर मारूनही मोकळा होईना, नवा टाकला. पिशवीची परीक्षा पुन्हा : आत ओढली गेली.

बाकी कशालाही हात लावला नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कुठल्या गोष्टीने गुण आला ते कधीच कळत नाही.

१९ ऑक्टोबर

परात : ५ मिली. एकही पॅकिंग न बदलता १२ वरून ५.

ओळखीच्याकडून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं) आणून तिन्ही सिलिंडर तपासले. १४० ते १५० पीएसआय, आपसात फारसा फरक नाही. म्हणजे रिंगा शाबूत आहेत. आतला दाब वाट बंद झाल्यामुळेच वाढला होता. रिंगा गेल्या असत्या, ज्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर ब्रीदर साफ करूनही पिशवी फुगलीच असती. मग सीलांवर पैसे घालणं म्हणजे पाण्यात.

२० ऑक्टोबर

मारुती मंदिर भागातल्या दुकानात सुटे भाग. टॅपेट कव्हरचं पॅकिंग रबरी घेतलं, दुकानदार कॉर्कचं स्वस्तातलं देत होता. डेल्कोची ओ-रिंग आणि केसचं पॅकिंग. ओ-रिंग साध्या रबराची नको, ऑइल आणि उष्णता सोसणारी हवी. पाण्याच्या नळाची त्याच मापाची रिंग बसते, पण चार दिवसांत फुगून सैल होते.

२ नोव्हेंबर

दिवाळीत कामाला हात लावला नाही. त्याआधी परतीच्या पावसाने अंगणात उभं राहू दिलं नव्हतं. आज दोन्ही कामं उरकली.

टॅपेट कव्हर निघता निघेना, सिलिकॉनने हेडला चिकटून बसलेलं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह आवरला, हेडच्या ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून जन्मभर पाझर. लाकडी ठोकळा लावून बाजूने हलके ठोके दिले, सुटलं. आतल्या कडेला सिलिकॉनचे गांडूळ लोंबत होते, काही तुटून गेलेले. तुटलेले तुकडे कुठे गेले असतील?

कव्हर काचेवर पालथं ठेवून बघितलं. बोल्टच्या जागा खाली दबलेल्या आणि मधली कड उचललेली. गळती थांबत नाही म्हणून प्रत्येकाने बोल्ट अजून आवळला, आवळल्यामुळे कव्हर वाकलं, वाकल्यामुळे अजून गळलं. लाकडावर ठेवून छोट्या हातोडीने कड सरळ केली. दोन्ही पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने पुसले. नवं पॅकिंग कोरडंच बसवलं. बोल्ट आळीपाळीने, छोटा पाना दोन बोटांत धरून, रबर दबलं असं जाणवेपर्यंत. कव्हर उघडंच होतं, तर टॅपेटही तपासून घेतले. एक सैल होता.

डेल्को काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि केसवर मिळून खिळ्याने एक खूण केली, आणि रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा मोबाईलवर फोटो. गिअरचे दाते तिरके असल्याने डेल्को वर ओढताना रोटर थोडा फिरतो, म्हणून फिरल्यानंतरचाही फोटो. बसवताना त्या दुसऱ्या जागेवरून आत घातलं की रोटर आपोआप पहिल्या जागी येतो. हे नाही केलं तर टायमिंग लाइट शोधत गावभर फिरा.

जुनी ओ-रिंग खाचेतून काढताना काट् करून तुटली. दोन बोटांत दाबून पाहिली, नखही उमटेना. गोल रिंग बाहेरच्या बाजूने सपाट झालेली, म्हणजे भिंतीला टेकतही नव्हती. नवी रिंग ऑइलचं बोट लावून बसवली. केसमध्येही थोडं ऑइल ओतलं, नाहीतर पहिली काही मिनिटं गिअर कोरडा फिरतो.

४ नोव्हेंबर

परात कोरडी.

८ नोव्हेंबर

सपाटीवर कोरडं राहण्याला अर्थ नाही. खरी परीक्षा घाटात : ऑइल तापून पातळ होतं, इंजिनवर जोर येतो. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट चढून मलकापूरपर्यंत. घाट दुसऱ्या गिअरमध्ये, एका ट्रकच्या मागे. त्याने आपणहून इंजिनला हवा तेवढा त्रास दिला.

मलकापूरला गाडीखाली डोकावलो. डेल्को कोरडा, टॅपेट कव्हर कोरडं, बेल हाउसिंग कोरडं. चेंबरच्या ड्रेन नटवर मात्र एक टपोरा थेंब.

९ नोव्हेंबर

ड्रेन नटचा तांब्याचा वॉशर बदलला. पुसून चालू केली. थेंब पुन्हा तिथेच. म्हणजे नट नाही, वरून येतंय. बोट फिरवलं तर चेंबरच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यात पत्रा खरखरीत आणि ओलसर.

ही जागा धुण्याआधी कशी गळत नव्हती? ऑइल-मातीच्या थराने भोकं बुजवून ठेवली होती. मी तो थर खरवडला आणि भोकं उघडी पडली. बरं झालं. अशी बुजवलेली भोकं रस्त्यात एखादा दगड लागून उघडतात.

१५ नोव्हेंबर

चेंबर उतरवला. सायलेन्सरचा पुढचा पाईप आधी सोडावा लागतो आणि तिथेच अर्धा दिवस गेला. समुद्रकाठच्या गाडीचा सायलेन्सरचा नट हा स्वतंत्र विषय आहे. आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवलं होतं, तरी एक स्टड तुटलाच. तो लेथवाल्याकडून काढून घेतला.

जुनं ऑइल डब्यात भरलं. शेजारचे आबा डबा घेऊनच उभे होते. बेड्याच्या (अंगणाच्या फाटकाच्या) लाकडाला वाळवी लागते म्हणून त्यांना जळकं ऑइल हवं असतं. त्यातलं अर्धं त्यांना दिलं.

चेंबर आतून स्वच्छ, करकरीत. बाहेरून मात्र खारी हवा आणि चिखलाने रंगाखालचा पत्रा खाल्लेला. किती खाल्लाय ते बघायला जुनी युक्ती : बाहेरून चुन्याचा हात दिला, सुकू दिला, आत डिझेल ओतलं. डिझेल ऑइलपेक्षा पातळ, बारीकशा भोकातूनही येतं आणि चुन्यावर लगेच डाग उठतो. मला दोन डाग अपेक्षित होते. पुढची कड आणि एका बाजूचा उतार सगळाच ठिपक्यांनी भरला. ब्रेझिंग (पितळेचा झाळ) करायचं तर कुठे कुठे करणार, शेजारचा पत्रा तापला की नवीन भोक. दुसरा चेंबर घ्यायचा. रत्नागिरीत मिळाला नाही. कोल्हापूरहून सांगितला, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येईल.

आता सिलिकॉनच्या तुकड्यांचा हिशोब लागला. ऑइल पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो तिच्यावर राखाडी चिंधड्या चिकटलेल्या. मोजायच्या भानगडीत पडलो नाही, जाळीचा तिसरा हिस्सा तरी झाकला होता. गरम इंजिन सिग्नलला उभं असताना ऑइलचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकायचा, तो स्विच खराब झाला असेल म्हणून काकांनी बदलून घेतला होता. स्विच बिचारा खरंच सांगत होता. गळती थांबवायला बाहेरून फासलेलं सिलिकॉन इंजिनचा घास घेण्याच्या बेतात होतं. हौसेने नळी पिळणाऱ्या प्रत्येकाला ही जाळी दाखवली पाहिजे.

१९ नोव्हेंबर

नवा चेंबर आला. बाहेरून रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा रंग. तयार रंगावर विसंबून राहण्यात अर्थ नाही, आमच्या हवेत तो दोन पावसाळे काढत नाही.

२२ नोव्हेंबर

बसवला. इथे सिलिकॉन लागतंच, पण सुतळीएवढी एकच अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. ब्लॉकची कड आधी थिनरने तीनदा पुसली, कारण वरून ऑइलचा थेंब उतरत राहतो आणि ओल्या कडेवर सिलिकॉन धरत नाही. १० नंबरच्या पान्याने सगळे बोल्ट मधून बाहेर, समोरासमोर, दोन फेऱ्यांत. ऑइल लगेच भरलं नाही, रात्रभर सुकू दिलं.

२३ नोव्हेंबर

नवा फिल्टर, २०डब्ल्यू-४०, तीन लिटरच्या डब्यात थोडं उरलं. डेल्कोची मधली वायर काढून आधी नुसता स्टार्टर मारला. ऑइलचा दिवा विझल्यावर वायर लावली आणि सुरू केली. गरम झाल्यावर उभ्या उभ्या दिवा एकदाही लुकलुकला नाही.

३० नोव्हेंबर

पुन्हा मलकापूर करून आलो. परात कोरडी. क्रँक पुलीच्या मागे, पुढच्या सीलपाशी पावडर किंचित करडी झालीय. ओल आहे, थेंब नाही. त्या सीलसाठी बेल्ट, पुली सगळं काढावं लागतं, आणि एवढ्याशा ओलीसाठी आत्ता ते उघडणार नाही. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते काकांनाही आठवत नाही, त्यामुळे तो उन्हाळ्यात बदलायचाच आहे. तेव्हा क्रँकचं आणि कॅमचं, दोन्ही सीलं एकदमच.

तोवर : दर रविवारी गेज. पावसाळा लागला की आठवड्यातून एकदा तरी हातखंब्यापर्यंत नेऊन इंजिन पुरतं तापवणे. गणपतीच्या आधी ब्रीदरची नळी काढून बघणे.